तिची आई तिचीच राहू द्या



तान्ह्या बाळाची आई होताना आपल्याला नऊ महिने तयारीला मिळतात. मला तेरा वर्षांची मुलगी एका दिवसात मिळाली. माझे लग्न झाले तेव्हा यांची लेक आठवीत होती. तिची आई दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेलेली. मी मनाशी ठरवूनच उंबरठा ओलांडला, की या पोरीला आईची आठवणसुद्धा येऊ द्यायची नाही. इथेच माझे चुकले.

पहिल्याच महिन्यात मी कपाट आवरले, तिच्या आईच्या साड्या ट्रंकेत घालून माळ्यावर टाकल्या. फडताळातले डबे बदलले. वेणी घालायला बोलावले, तर ती अगदी शांतपणे म्हणाली, "नको, तुम्ही राहू द्या. माझी मी घालते." ते 'तुम्ही' मला फार लागे. नातेवाइकांनी तिला 'आई म्हण' म्हणून सांगितले होते. त्यामुळे ती मला कोणत्याच नावाने हाक मारीत नसे. समोर येऊन उभी राही आणि मी पाहिले की मग बोले.

आणि लोक! रागावले तर 'शेवटी सावत्रच', नाही रागावले तर 'पोटची असती तर अशी मोकाट सोडली असती का?' किती रात्री ओट्यापाशी उभी राहून रडले, ते माझे मला ठाऊक.

ती नववीत असताना एकदा रात्री अकरा वाजता मी तिच्या हातातला मोबाईल काढून घेतला. ती ओरडली, "तू माझी आई नाहीस!" पहिल्यांदा 'तू' म्हणाली, ती अशी. हे हात उगारून उठले. मी मध्ये पडले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटे वाटले, पोर खोटे काय बोलली? मला जीव लावला तर आईला विसरल्यासारखे होईल, ही भीती तिच्या मनात असेल आणि मी तर आईच्या खुणाच पुसत सुटले होते. सकाळी ट्रंक खाली काढली, साड्या पुन्हा कपाटात लावल्या आणि किल्ली तिच्या हातात दिली. ती काही बोलली नाही.

पुढे पितृपक्षात अविधवा नवमी आली. सवाष्ण जेवायला सांगितली होती. मी तिला विचारले, "तुझी आई पुरण कसं करायची गं?" क्षणभर थांबून ती म्हणाली, "जायफळ घालायची. वेलदोडा नाही." मग पुरण वाटून होईपर्यंत ती आईबद्दल बोलत होती आणि मी फक्त ऐकत होते. माझ्या मनात थोडे दुखले, नाही असे नाही. पण त्या दिवसापासून तिने आपणहून मला 'मावशी' म्हणायला सुरुवात केली.

दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरताना ती चाचरत म्हणाली, "आईच्या नावापुढे कुणाचं लिहू?" मी म्हटले, "तुझ्या आईचं. ते का बदलायचं?" तिचा चेहरा असा उजळला, की मला माझीच लाज वाटली.

माझ्यासारख्या कुणी असाल, तर अनुभवाचे चार शब्द सांगते. 'आई' म्हणण्याचा आग्रह धरू नका. गेलेल्या बाईचा फोटो काढू नका, मुलीचे आजोळ तोडू नका. पहिली काही वर्षे शिस्तीचा शब्द वडिलांच्या तोंडून येऊ द्या. मात्र दोघांनी आधी आपसांत ठरवून. आणि स्वतःचे दुःख गिळून बसू नका. नवऱ्याशी बोला, पण मुलीची तक्रार म्हणून नव्हे.

एक व्यवहाराची गोष्ट. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात सावत्र आईला नैसर्गिक पालक धरलेले नाही, म्हणून अशा कागदांवर वडिलांचीच सही घ्यावी. आपल्या नावावरचे काही मुलीला द्यायचे मनात असेल तर रीतसर मृत्युपत्र करावे. 'माझीच तर आहे' म्हणून स्वस्थ बसू नये.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. परवा शेवटचा तास संपवून दमून घरी आले, तर तिने चहा टाकलेला. कप माझ्यापुढे ठेवीत म्हणाली, "मावशी, तू बस. कणीक मी मळते."

या वेळचे 'तू' रागाचे नव्हते. मी काही बोलले नाही. चहात साखर जास्त होती, तरी सगळा प्याले.