मामांचा डबा

शहरातल्या माणसाला वर्षातून एकदा रानात जाऊन राहण्याची हुक्की येते. गेल्या दिवाळीत ती मला आली, ती सोनगीरला मामांच्या ओट्यावर, चकल्या खाताखाता!

सोनगीर हे माझे आजोळ. धुळ्याच्या उत्तरेला, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे हे गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले, पाण्यासाठी नव्हे. गडावर खोल विहीर आहे खरी, पण होडी न् वल्हे इथल्या पोरांना पुस्तकातच भेटायची. तेव्हा मी काहीही सांगितले तरी खपत होते.

"तोरणमाळला यशवंत तलावाकाठी तंबू ठोकू, गळ टाकू, होडी वल्हवू!"

"बाबा, तुम्हांला पोहता येतं?" चिरंजीवांनी विचारले.

"म्हणजे काय! इथल्याच विहिरीत शिकलो."

पलीकडे मामा हंड्याला ठोके देत होते. ठोका क्षणभर थांबला, पुन्हा सुरू झाला. विहिरीच्या पायरीला मी कसा चिकटून बसे, हे पाहिलेला तो एकच साक्षीदार!

सकाळी निघताना मामांनी सामानात पत्र्याचा एक रिकामा डबा ठेवला. तोंड डाग देऊन बंद केलेले, कडीला दोरी. मी हसलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, कामले यी."

चिमठाणे, दोंडाईचा, सारंगखेड्याला तापी ओलांडून शहादा. मग सातपायरी घाटाची वळणे. तोरणमाळ १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात गेले. त्याआधी ते आमच्या धुळ्यातलेच. साडेतीन हजार फुटांहून उंच सातपुड्यातली ती थंडी! तीन दगडांची चूल, कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत. कणकेच्या गोळ्या लावून दोन तास गळ टाकला, तेव्हा बोटभर एक मासा लागला. चिरंजीवांनी तो पाण्यात सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी एका पावरा दादाची होडी मागून घेतली. "दुपारी वारा सुटतो, काठ सोडू नका," त्याने बजावले. सौ.ने काही न बोलता मामांचा डबा मुलाच्या पाठीला बांधला. मी पुन्हा हसलो.

वारा सुटला तेव्हा आम्ही मध्यावर होतो. मी जीव खाऊन एकाच बाजूने वल्हे मारत होतो आणि होडी जात्यासारखी जागच्या जागी फिरत होती. एका हेलकाव्यासरशी मी वल्हे टाकून काठ घट्ट धरला. मुलगा माझ्याकडे बघत होता. आता खोटे बोलणे शक्य नव्हते.

"बाळ, मला पोहता येत नाही."

तो घाबरला नाही. पाठीची गाठ सोडू लागला. "मग डबा तुम्ही बांधा, बाबा. मी होडीला धरून बसतो."

मी त्याचा हात धरून गाठ पुन्हा आवळली. बोटे थरथरत होती. तेवढ्यात काठावरून दादा ओरडला, "खाली बसा! दोन वेळा इकडे, दोन वेळा तिकडे!" तळाशी गुडघे टेकले तशी होडी स्थिरावली, पाळीपाळीने वल्हे मारत अर्ध्या तासाने काठाला लागलो. सौ. कमरेइतक्या पाण्यात उभी होती.

परतताना मामांना डबा देऊ लागलो. त्यांनी तो घेतला नाही.

या उन्हाळ्यात, वाचकहो, मी पोहायला शिकलो. सोनगीरच्याच एका मळ्यातल्या विहिरीत, पन्नाशीच्या पाठीवर तोच डबा बांधून! पायरीवर चिरंजीव उभे होते आणि दर वेळी विचारीत होते, "बाबा, हात सोडू?"