चाबकाला जिंकवू नका

भुताचा सिनेमा मला मनापासून आवडतो. नारायण धारपांची कथा रात्री वाचून संपवायची आणि मग दिवा मालवायला धजावायचं नाही, अशा वाचकांपैकी मी एक. तेव्हा आजचा लेख भयपटांच्या विरोधात नाही. ते चांगले व्हावेत, या इच्छेपोटी आहे.

निमित्त आमच्याच भागाचं. भिसेगाव कर्जत स्टेशनाला लागून. लोकलमधून तरुण मंडळी ट्रायपॉड आणि दिव्यांच्या पेट्या सांभाळत उतरताना दिसतात. चौकजवळच्या हातनोलीचा एन. डी. स्टुडिओ त्यांना परवडणारा नसतो. एखादं फार्महाऊस दोन-चार रात्री भाड्याने घ्यायचं आणि काम उरकायचं. कसला सिनेमा, विचारलं तर अनेकदा उत्तर येतं, ‘हॉरर’. त्यात नवल नाही. भयपटाला मोठे नट लागत नाहीत. एक घर, चार माणसं, रात्र आणि पाऊस एवढ्यावर भागतं, आणि पावसाची आमच्याकडे कमतरता नाही. सॅम रेमी या अमेरिकन पोराने तेच केलं होतं. लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करून त्याने टेनेसीच्या रानातल्या एका केबिनमध्ये ‘द ईव्हिल डेड’ चित्रित केला. १९८१ साली तो पडद्यावर आला आणि आजही जगभरचे नवे दिग्दर्शक त्याचं नाव घेतात.

मग आमच्या फार्महाऊसमधून तसं काही का निघू नये? निघू शकतं. अडचण गोष्टीची आहे.

गोष्ट ठरलेली असते. नवी सून घरात येते. अमावास्येला तिचे केस सुटतात, आवाज पुरुषी होतो. डॉक्टर एका प्रसंगापुरता येतो आणि हात टेकून निघून जातो. मग मांत्रिक येतो. बाईला खांबाला बांधतात, मिरच्यांची धुरी देतात, चाबूक ओढतात. ती किंचाळते, भूत जातं, सकाळ होते, सगळे हसतात. सिनेमाच्या सुरुवातीला पाटी असते की आम्ही अंधश्रद्धेला खतपाणी घालत नाही. शेवटी जिंकतो तो मात्र चाबूक.

या पटकथेत जे घडतं तो आपल्या राज्यात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, तो २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावर चार दिवसांत वटहुकूम म्हणून निघाला आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद वाचावी. भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने वा चाबकाने मारणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं. कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षं कैद. कायदा करणाऱ्यांनी हे कल्पनेने लिहिलेलं नाही. हे आपल्या घरांत, आपल्या बायकांच्या बाबतीत घडत आलेलं आहे.

२००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली. दर्ग्याच्या आश्रयाने बरं वाटेल म्हणून नातेवाइकांनी आणून ठेवलेले २८ मनोरुग्ण त्यात गेले. साखळदंडांनी बांधलेले असल्यामुळे बहुतेकांना पळताच आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण मनाई केली. आपल्या भयपटातली साखळी अजून सुटलेली नाही.

भीती कुठे असते हे आपल्याच दिग्दर्शकांनी दाखवून दिलं आहे. विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ २०१७ चा. मोठं बजेट नाही. उसाचं शेत, एक घर, पूजा सावंतने उभी केलेली गरोदर बाई आणि उषा नाईक यांची तुळसाबाई. मुलं दिसतात, हाका ऐकू येतात, आपण दचकतो. पण अंगावर काटा येतो तो मुलीचा गर्भ नको म्हणणाऱ्या जिवंत माणसांमुळे. हाच सिनेमा फुरियाने पुढे ‘छोरी’ म्हणून हिंदीत केला.

‘तुंबाड’ तर सगळ्यांना ठाऊक आहे. राही बर्वे आणि सोहम शाह यांनी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा चित्रित केलेला हा सिनेमा २०१८ मध्ये व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकचा उद्घाटनाचा चित्रपट ठरला. तसा मान मिळालेला तो पहिला भारतीय सिनेमा. इथे चित्रपटगृहांत तेव्हा बेताचाच चालला, आणि २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गर्दी झाली. त्यातला हस्तर हा देव कुठल्याच पुराणात नाही. हाव मात्र आपल्या ओळखीची आहे. १९७२ ते ७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतला गुप्तधनाच्या नादापायी मुली-बायकांचे खून पडत राहिले, हे ज्यांना आठवतं त्यांना ‘तुंबाड’ निव्वळ कल्पित वाटणार नाही. अघोरी पंथ म्हणजे काळे झगे घातलेले अनोळखी लोक, असं परदेशी सिनेमे शिकवतात. मानवतमधली माणसं शेजारपाजारची होती.

मांत्रिकाबद्दल, आमच्याकडच्या भगताबद्दलही एक सांगायला हवं. आमच्या वाड्यांवर, कातकरी-ठाकरांच्या वस्त्यांत, माणसं त्याच्याकडे जातात ती मूर्ख म्हणून नाही. तो जवळ राहतो. रात्री दार वाजवलं तर उठतो, घरातल्या सगळ्यांना नावानिशी ओळखतो, बसून ऐकतो. दवाखाना लांब, आणि तिथे ऐकायला कुणाला वेळ नसतो. भगताला राक्षस किंवा तारणहार करून टाकणं सोपं आहे. साप चावलेल्या पोरासाठी जीप आणायची की भगताला उठवायचं, या पेचात उभा राहिलेला बाप कुणी पडद्यावर आणेल तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन.

आणि अंगात येणं ही प्रत्येक वेळी व्याधीही नसते. जत्रेत वारं आलेली बाई घुमते, तेव्हा एरवी तिला गप्प बसवणारा सासरा तिच्या पाया पडतो. दारूडा मुलगा, हडपलेली जमीन, उपाशी ठेवलेली लेक, हे सगळं त्या घटकाभरात ती बोलून घेते. आपले सिनेमे तिचा आवाज घोगरा करतात, डोळे पांढरे करतात आणि ती काय म्हणते आहे याकडे कॅमेरा वळवतच नाहीत. मला वाटतं, आपल्या मातीतला अस्सल भयपट तिथे दडलेला आहे: ती बोलते ते खरं असेल तर घरातल्या बाकीच्यांचं काय होईल?

म्हणून इथे उतरणाऱ्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. घाबरवा, खूप घाबरवा. भूत दाखवायचं तर बेशक दाखवा. पण चाबकाने बाई बरी झाली असा शेवट करू नका, कारण तो सिनेमा बघणाऱ्यांत ती बाई आणि तिची सासू दोघी असतात. पडद्यावर सिगारेट आली की खाली इशारा येतो. बाईला धुरी देतानाही दोन ओळी येऊ द्या. हा गुन्हा आहे, ही एक. आणि मदतीसाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, ही दुसरी.