मुंग्या, झटके आणि जप

परवा संध्याकाळी बागेत फिरायला गेले होते. आमच्या सोसायटीतल्या एक बाई, नुकत्याच नोकरीतून निवृत्त झालेल्या, मला बाकावर बसवून घेत हळूच म्हणाल्या, "काकू, एक विचारू? जप सुरू करून वीस दिवस झाले. मला अनुभव यायला लागलेत!" आवाज असा, की जणू लॉटरी लागली आहे आणि ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळता कामा नये. मी विचारले, कसले अनुभव? तर म्हणे हाताच्या बोटांना मुंग्या येतात, कपाळ जड होते, मध्येच अंगाला झटका बसतो आणि उठताना गरगरते. "चांगलं लक्षण आहे ना हे?"

मी लगेच उत्तर दिले नाही. कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मी स्वतः विचारला होता. त्याचे उत्तर मला फार प्रेमाने आणि साफ चुकीचे मिळाले, आणि त्याची किंमत माझ्या पायांनी मोजली. म्हटले, आज यावरच लिहू.

२०१८ च्या दिवाळीनंतर हे गेले. घर एकदम रिकामे झाले. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, मुलगा-सून आपापल्या कामात. दिवस कसाबसा जायचा, पहाट मात्र जाता जायची नाही. २०१९ च्या गुढीपाडव्याला मी तुळशीची माळ हातात घेतली. तेरा अक्षरी राममंत्र, रोज अकरा माळा. जमिनीवर घोंगडी, त्यावर मांडी, पहाटे चारला उठून. चौतीस वर्षे मुलांना शिस्त लावली, आता स्वतःला लावू, असा सगळा आव!

पहिल्याच आठवड्यात शरीर बोलायला लागले. दुसऱ्या माळेला पाय बधिर. चौथ्या माळेला ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या. सातवी-आठवी माळ चालू असताना कोणीतरी धक्का द्यावा तसे अंग दचकायचे. डोळ्यांतून पाणी तर असे वाहायचे की पदर भिजायचा. आमच्या परिसरात जपाला जमणारा एक बायकांचा गट होता. तिथल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "भाग्यवान आहात, आत काहीतरी जागं होतंय. कुणाला सांगू नका, सांगितलं की जातं."

खोटे कशाला बोलू, मला ते ऐकून बरे वाटले. शाळेत पहिल्या नंबराच्या मुलीला वाटते ना, तसेच. आणि मी कुणाला सांगितले नाही. घोटाळा झाला तो इथेच.

कारण दोन-तीन महिन्यांत तळपायाच्या मुंग्या माळ ठेवल्यावरही जाईनात. भाजी चिरताना, टीव्ही बघताना, रात्री अंथरुणातसुद्धा. जीभ लाल होऊन झोंबायला लागली. चालताना पाय कापसावर पडल्यासारखा पडायचा. हे सगळे मी 'अनुभव' या एकाच खात्यावर जमा करत गेले. श्रावणात एका सकाळी न्हाणीघरात डोळे मिटून तोंडावर पाणी मारले आणि तोल जाऊन पडले. हाड मोडले नाही, हे नशीब.

डॉक्टर माझा जुना विद्यार्थी. त्याने सगळे ऐकून घेतले, रक्त तपासायला पाठवले, आणि रिपोर्ट बघून म्हणाला, "बाई, ब जीवनसत्त्व बारा अगदी तळाला गेलंय. किती दिवस होतंय हे?" मी सांगितले. तो गप्प झाला. मग म्हणाला, "आधी का नाही आलात?" मी काय सांगणार? जागृती चालू होती म्हणून!

शुद्ध शाकाहारी माणसाला हे जीवनसत्त्व मुळात कमी मिळते. वय वाढले की पोटातले आम्ल कमी होते आणि आहे तेही अन्नातून नीट घेता येत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्येही ते कमी होते. ते संपले की मज्जातंतूंवरचे आवरण बिघडते. त्यातून मुंग्या येतात, तोल जातो, जीभ सोलवटते. वेळेवर इंजेक्शने घेतली तर बहुतेक भरून निघते. मी उशीर केला. आज तोल ठीक आहे, पण पायाच्या बोटांचा बधिरपणा राहिलाय तो राहिलाच.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे जप वाईट? अजिबात नाही. मी आजही जप करते. माझे म्हणणे एवढेच, की जपाला बसल्यावर शरीरात जे होते ते आधी शरीराचे समजावे. त्याला लगेच देवाच्या नावावर टाकू नये.

बरे झाल्यावर मी डॉक्टरला एकेक गोष्ट विचारत गेले. (मास्तरकीची सवय, दुसरे काय!) तेव्हा कळले की यातल्या बहुतेक गोष्टींचे कारण अगदी साधे आहे. मांडी घालून बराच वेळ बसले की गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने जाणारा मज्जातंतू दबतो, पाय झोपतो; उठून पाय झटकले की दोन-चार मिनिटांत जागा होतो. भराभर मोठ्याने जप करताना आपण मध्ये मध्ये मोठे श्वास ओढतो. श्वास गरजेपेक्षा जास्त झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ओठांना-बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. कपाळ जड होते, कारण मन एकाग्र करायचे म्हणून आपण भुवया आणि जबडा आवळून बसतो. अंगाला झटका बसतो तो झोपेच्या उंबरठ्यावर. रात्री अकराला झोपून चारला उठणाऱ्याला माळ ओढता ओढता डुलकी लागणारच. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असतील आणि पाऊण तास बसून एकदम उठलात, तर गरगरेल. आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखते ते रोज हजारावर मणी सरकवल्याने. तर्जनी लावायची नाही, म्हणजे सगळा भार अंगठ्यावर आणि मधल्या बोटावर!

यात जपाचा स्वतःचा म्हणून काही परिणाम नाही का? आहे, आणि तो चांगला आहे. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला होता. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला, आणि हृदय व रक्तदाब यांचा मेळ सुधारला. एरवी बसल्या जागी आपला श्वास मिनिटाला बारा ते वीस वेळा चालतो. धर्म वेगळा, भाषा वेगळी, फुप्फुसे मात्र तीच! संथ लयीत म्हटलेल्या जपाने निवांत वाटते ते यामुळे. मी मात्र आकडा गाठायच्या नादात भरधाव जप करत होते, म्हणजे बरोबर उलटे.

आणि सगळ्यांनाच निवांत वाटते असेही नाही. १९८३ साली हाइडी आणि बोर्कोव्हेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लिहून ठेवले आहे, की मुळात चिंता करणाऱ्या काही माणसांना शांत बसवले की त्यांची चिंता उलट वाढते. त्यांच्या प्रयोगात मंत्रध्यानही होते. अशा वेळी छाती धडधडते, घाम फुटतो. आपल्याकडे मग दुसरे टोक गाठले जाते: "मंत्र उलटला!" माझ्या धाकट्या दिरांनी असाच चार दिवसांत जप सोडला. धडधडले म्हणून घाबरले आणि माळ देव्हाऱ्यात ठेवून दिली, ती आजतागायत तिथेच आहे. त्यांना कोणी सांगितले असते की भावजी, पाच मिनिटेच बसा, डोळे उघडे ठेवा, खुर्चीवर बसा, तर कदाचित निभावले असते. कौतुक आणि भीती, दोन्हींनी माणूस विचार करायचा थांबतो.

बी.ए.ला संस्कृत होते, त्यामुळे त्या आजारपणात पातंजल योगसूत्रे पुन्हा काढून वाचली. पहिल्या पादात जपाचे सूत्र येते आणि त्यानंतर लगेच विघ्नांची यादी येते. नऊ विघ्ने, आणि त्यात पहिले कोणते? व्याधी! त्याच्या पुढच्या सूत्रात या विघ्नांचे सोबती सांगितले आहेत: दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची अनियमितता. कंपाला पतंजलींनी 'अंगमेजयत्व' असा शब्द वापरला आहे. म्हणजे आमच्या गटात ज्या थरथरण्याचे कौतुक चालले होते, ते पतंजलींनी अडचणींच्या रकान्यात टाकले आहे. गुणपत्रिकेतला लाल शेरा आम्ही बक्षीस म्हणून मिरवत होतो!

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे आणि शरीरातल्या बदलांचे वर्णन आहे, ते मला माहीत आहे. वर्गात त्याचे उल्लेखही केले आहेत. पण ते वर्णन कोणाचे? वज्रासन, मूळबंध, जालंधर बंध साधणाऱ्या योग्याचे. फ्लॅटमध्ये घोंगडीवर बसून, दुधाची पिशवी आली का याकडे एक कान ठेवून अकरा माळा करणाऱ्या माझ्यासारखीचे नव्हे. गीतेच्या त्याच अध्यायात फार खाणाऱ्याला, मुळीच न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला आणि फार जागणाऱ्याला योग साधत नाही असे सांगितले आहे. ते सांगणे आपल्यासाठी आहे. पण ते कोणी 'अनुभव' म्हणून सांगत नाही, कारण त्यात चमत्कार नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मला वेगळे लिहायचे आहे. ते रडणे. डॉक्टरला मी तेही विचारले होते. तो थोडा थांबून म्हणाला, "बाई, सर गेल्यावर तुम्ही रडला होतात का?" नव्हते रडले. पाहुणे, दिवस, कागदपत्रे, बँका... सगळे उरकायचे होते, मुलासमोर खंबीर राहायचे होते. पहाटे चारला, घरात सगळे झोपलेले असताना, पहिल्यांदाच मी आणि माझे दुःख असे दोघेच समोरासमोर बसलो होतो. ती जागृतीही नव्हती आणि आजारही नव्हता. राहून गेलेले रडणे होते. त्याला नाव न देता ते होऊ दिले, हेच त्या दिवसांत मी एक बरोबर केले.

तर मंडळी, जप सुरू करणाऱ्यांना, विशेषतः माझ्या वयाच्या लोकांना, थोडे सांगते. मी डॉक्टर नाही, पण पडून शहाणी झालेली आहे. जे बसल्यावर सुरू होते आणि उठल्यावर थोड्या वेळात जाते, ते बहुधा बसण्याचे किंवा श्वासाचे असते. बैठक बदला, लय कमी करा, माळा कमी करा. जे माळ ठेवल्यावरही दिवसभर राहते, ते डॉक्टरांना दाखवा, आणि 'जपामुळे होतंय' असे स्वतःच ठरवून जाऊ नका. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलताना अडखळणे यात एक मिनिटही घालवू नका. झोपच उडाली, आवाज ऐकू यायला लागले, आपण कोणी विशेष आहोत असे वाटायला लागले, तर जप थांबवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, त्यात लाज नाही. कोणी सांगितले म्हणून चालू असलेली गोळी बंद करू नका. आणि 'कुणाला सांगू नका' असे जो सांगेल, त्याचे तेवढे मुळीच ऐकू नका!

मग जप लागू पडला हे कशावरून ओळखायचे? माझ्यापुरते सांगते. पूर्वी सुनेने कुकरची शिटी मोजली नाही तर माझे डोके तापायचे. आता तापते, पण उशिरा तापते आणि लवकर उतरते. माझ्या इतक्या वर्षांच्या जपाची कमाई एवढीच. कोणाला थोडी वाटेल, आमच्या सुनेला विचारा!

बागेतल्या बाईंना मी हे सगळे सांगितले नाही. एवढेच म्हटले, "आधी रक्त तपासून घ्या, ब्लडप्रेशर बघून घ्या, जप खुर्चीवर बसून करा, आणि उठताना भिंतीला हात लावून उठा." त्या जरा हिरमुसल्या. त्यांना दुसरे काहीतरी ऐकायचे होते, आणि ते मला समजत होते. काल त्यांचा फोन आला, तपासणीला रक्त देऊन आल्या आहेत. रिपोर्ट उद्या मिळेल.

असो. माझ्या आजच्या तीन माळा राहिल्यात. हो, आता अकरा नाहीत, पाचच असतात.