बायका विसरतात म्हणे

बाळाचं तोंड पाहिलं की आई कळा विसरते, हे आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की एखाद्या आईला तसं विचारून बघावं, हे सुचतच नाही. जुन्या लोकांनी तर वैराग्याच्या यादीत तिची नोंदच करून ठेवली. स्मशानातलं वैराग्य घरी पोचेपर्यंत, पुराण ऐकून आलेलं देवळाची पायरी उतरेपर्यंत, आणि बाळंतिणीचं ‘पुन्हा नको गं बाई’ पुढच्या पाळण्यापर्यंत. यादी करणारे कोण होते, हे वेगळं सांगायला नको.

जठारपेठेत सध्या या विषयावर रोज संध्याकाळी सभा भरते. निमित्त शेजारच्या लेकीचं. पहिलटकरीण आहे, माहेरी आली आहे, आईबरोबर सातव चौकापर्यंत फेरी मारून येते आणि ओट्यावर टेकते. मग गल्लीतल्या बाया तिला धीर द्यायला जमतात आणि तिच्या तोंडचं पाणी पळवून घरी जातात. “काही होत नाही व माय, इसरून जाशीन सारं,” असं सत्तरीच्या एका काकूंनी सांगितलं. आणि लगेच त्यांच्या थोरल्याच्या वेळची हकीकत सुरू झाली. पाऊस कसा होता, लेडी हार्डिंगला जायला वाहन कसं मिळेना (जिल्हा स्त्री रुग्णालयाला अकोल्यात अजून हेच नाव चालतं), शेजारच्या खाटेवरची बाई कोणत्या गावची, तिच्या लुगड्याचा काठ कसा. मी म्हटलं, “काकू, तुम्ही तर काहीच विसरला नाहीत.” त्या थांबल्या. “दुखलं व्हतं हे आठवते. पण कसं दुखलं, ते आता नाही सांगता येत.”

स्वीडनच्या उल्ला वाल्डेनस्ट्रॉम यांच्या अभ्यासाचा निम्मा निष्कर्ष काकूंनी दोन वाक्यांत सांगून टाकला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास चौदाशे बायकांना बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी, वर्षाने आणि पाच वर्षांनी तोच प्रश्न विचारला होता: किती दुखलं होतं? पाच वर्षांनी साधारण निम्म्या जणींनी वेदना आधीपेक्षा कमी सांगितली. तिसऱ्या हिश्शाहून थोड्या जास्त बायकांचं उत्तर बदललं नाही. उरलेल्यांच्या आठवणीत मात्र ती वाढली होती. सगळ्याच विसरतात, हे काही खरं नाही. पण खरी मेख पुढे आहे. एकूण बाळंतपण बरं गेलं असं ज्या म्हणाल्या, त्यांच्या कळा आठवणीत बोथट झाल्या. ज्यांचा अनुभव वाईट होता, त्यांची वेदना पाच वर्षांनीही जवळजवळ तेवढीच होती.

वाईट अनुभव म्हणजे काय, याचं उत्तरही ओट्यावर मिळालं. एक बाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांना कळांचं काही आठवत नाही म्हणाल्या. आठवतं ते एका दवाखान्यातलं एक वाक्य. त्या ओरडल्या तेव्हा टेबलाजवळच्या बाईने ‘तेव्हा गोड लागलं, आता कायले वरडतं?’ असं विचारलं होतं. त्यांच्या मुलाचं लग्न झालं, नातू शाळेत जातो. पण वाक्य सांगताना त्यांनी आवाजही तिचाच काढला. ओट्यावर कोणी हसलं नाही, कारण त्या वाक्याची कुठली ना कुठली आवृत्ती बऱ्याच जणींनी ऐकलेली होती.

अमेरिकेत पेनी सिमकिन यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी बाळंत झालेल्या काही बायकांना गाठलं आणि त्यांनी त्या वेळी लिहून ठेवलेल्या हकीकती आताच्या सांगण्याशी ताडून पाहिल्या. डॉक्टर आणि नर्स काय बोलल्या, ते कित्येकींना शब्दशः आठवत होतं. 1991 ची ही गोष्ट. सिअ‍ॅटल काय आणि अकोला काय.

माझं म्हणणं असं की बायका विसरतात, ही समजूत बायकांच्या सोयीची नाही, भोवतालच्यांच्या सोयीची आहे. विसरणारच आहे, तर दुखणं कमी कशाला करायचं? नीट कशाला बोलायचं? कळा सुसह्य करणारं इंजेक्शन पाठीत देता येतं, हे आमच्या ओट्यावर फार थोड्या जणींना माहीत होतं. ज्यांना माहीत होतं, त्यांना घरच्यांनी ‘आमच्या वेळी कुठं होतं?’ म्हणून गप्प केलं होतं. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, मूल दहा दिवसांत गेलं. त्या ते विसरल्या असत्या, तर 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन निघाल्या नसत्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता.

यावर स्वस्तातला उपाय आहे: सोबतीण. सतरा देशांतल्या पंधरा हजारांहून जास्त बायकांवरचे अभ्यास 2017 मध्ये एकत्र मांडले गेले. ज्यांच्याजवळ शेवटपर्यंत कोणीतरी बसून होतं, त्यांच्या कळांचा काळ थोडा कमी झाला, सिझर कमी झाली आणि बाळंतपणाबद्दलची कडू आठवणही कमी राहिली. आपल्या केंद्र सरकारनेही 2016 मध्ये सरकारी प्रसूतिगृहांत सोबतिणीला परवानगी दिली. अटी साध्या आहेत. कपडे स्वच्छ हवेत, संसर्गाचा आजार नको, पूर्ण वेळ थांबायची तयारी हवी. आणि तिने स्वतः कळा सोसलेल्या असाव्यात. ही शेवटची अट ज्याने घातली, त्याला बायका विसरत नाहीत हे पक्कं ठाऊक असणार.

मी ही अट ओट्यावर वाचून दाखवली आणि वेगळाच पेच उभा राहिला. पोरीच्या आईची दोन्ही सिझर, तीही तारीख ठरवून. कळ एक आली नाही. त्या रडवेल्या झाल्या. मावशीची तीन बाळंतपणं, तिन्ही साधी. तिने लगेच पदर खोचला. “तू बाहेर चहा घेऊन बस, मी जाईन आत.” आईला हे मुळीच मान्य नाही. दोघी बहिणींचं काल रात्रीपासून बोलणं बंद आहे, आणि पोरीला अजून तीन आठवडे आहेत.