क्वांगतुंगचे जहाज

1895 सालच्या फेब्रुवारीत वायहायवेच्या बंदरात चीनच्या उत्तरेकडील आरमाराने जपानपुढे शस्त्रे ठेवली, त्या आरमाराचा सेनापती तिंग जू-चांग याने अफू खाऊन प्राणत्याग केला, आणि शरणागतीची बोलणी चालू असता चिनी अधिकाऱ्यांनी विजेत्या जपानी सेनापतीकडे अशी एक मागणी केली की, ती वाचून हसावे की रडावे हे आजही समजत नाही. हस्तगत झालेल्या जहाजांपैकी ‘क्वांगपिंग’ हे मूळ क्वांगतुंग प्रांताचे असून केवळ आरमाराच्या पाहणीसाठी उत्तरेस आले होते. प्रस्तुत युद्धाशी क्वांगतुंगचा काडीमात्र संबंध नाही. सबब ते परत मिळावे, असा त्या अर्जाचा आशय होता. जपान्यांनी जहाज अर्थातच परत दिले नाही.

चिनी राष्ट्रवाद म्हणजे तेथील साम्यवादी पक्षाने स्वार्थासाठी पेटविलेला परकीय-द्वेष, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. हा समज मला उथळ वाटतो. पक्षाची स्थापना 1921 मधली. आणि परकीयांचा द्वेष म्हणाल, तर तो चीनमध्ये पूर्वीपासून विपुल होता, पण त्याने राष्ट्र घडले नव्हते. क्वांगतुंगचे जहाज परत मागणारा अधिकारी जपान्यांवर प्रेम करीत होता असे थोडेच आहे! त्याला परके कोण हे ठाऊक होते. आपले कोण, हे मात्र ठाऊक नव्हते.

ते ठाऊक कसे झाले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इंग्रजांच्या व्यापारी आक्रमणाला पहिले उत्तर दिले ते दरबाराच्या एका निष्ठावंत कारभाऱ्याने. 1839 मध्ये कँटनला आलेल्या लिन त्से-सूने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त केली आणि चुना व मीठ घातलेल्या खड्ड्यांत ती विरघळवून समुद्रात सोडून दिली. तत्पूर्वी, आपण समुद्र विटाळणार आहोत म्हणून, त्याने सागरदेवतेची क्षमाही मागितली. (चीनमध्ये जाणाऱ्या अफूत माळव्याचा वाटा मोठा होता, ती मुंबई बंदरातून जहाजांवर चढे, आणि सर जमशेटजी जीजीभाईंसारख्या आपल्या दानशूर शेटजींच्या संपत्तीत या व्यापाराचा हिस्सा होता, हे चीनविषयी लिहिणाऱ्या मुंबईकराने विसरू नये.) पुढे युद्ध जुंपल्यावर दरबाराने लिनलाच बडतर्फ करून इलीच्या दूरच्या मुलखात हद्दपार केले, आणि 1842 च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग, पाच बंदरांतील व्यापाराची मोकळीक व दोन कोटी दहा लाख डॉलरांची भरपाई इंग्रजांच्या पदरात टाकली. कालांतराने जकातीचे दर ठरविण्याची मुखत्यारीही गेली, आणि चीनचे जकातखाते सर रॉबर्ट हार्ट या एका परकीय गृहस्थाच्या हाताखाली सुमारे अर्धशतक राहिले.

त्यानंतरचा उपाय तोफांचा व कारखान्यांचा. फूचाऊला 1866 मध्ये जहाजबांधणी सुरू झाली. 1884 च्या ऑगस्टमध्ये फ्रेंचांनी तेथील आरमार तासाभराच्या आत बुडविले. त्या वेळी उत्तरेचे आरमार हलले नाही. दहा वर्षांनी उत्तरेवर प्रसंग गुदरला तेव्हा दक्षिणेचे हलले नाही. यंत्रे विलायती मिळाली, पण ज्याच्यासाठी ती चालवायची ते राष्ट्र कोणत्याही गोदीत तयार मिळत नव्हते.

बॉक्सरांच्या बंडाविषयी विस्ताराने लिहिण्याचे प्रयोजन नाही. आगगाडीचे रूळ उखडणाऱ्या व धर्मांतरितांची कत्तल करणाऱ्या त्या शेतकऱ्यांत त्वेष होता, दृष्टी नव्हती. दंड मात्र साऱ्या देशाला झाला, तो पंचेचाळीस कोटी टेल रुप्याचा. ते बंड मोडणाऱ्या फौजांत हिंदी पलटणी होत्या, आणि त्यांपैकी सातव्या राजपूत पलटणीतील ठाकूर गदाधरसिंह यांनी ‘चीन में तेरह मास’ या हिंदी ग्रंथात जित चिनी लोकांविषयी जी कणव व्यक्त केली, ती त्या मोहिमेतील एकूण वर्तन पाहता अपूर्वच म्हटली पाहिजे.

खरी कलाटणी मला दिसते ती 1905 मध्ये. अमेरिकेने चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारे निर्बंध चालू ठेवले, म्हणून शांघायच्या व्यापाऱ्यांनी जुलैमध्ये अमेरिकन मालावर बहिष्कार पुकारला आणि तो बंदरोबंदरी पसरला. दरबाराचा हुकूम नव्हता, फौज नव्हती. परदेशी अपमानित होणाऱ्या अनोळखी मजुरासाठी दुकानदाराने स्वतःची विक्री बुडविली. कलकत्त्यात बहिष्काराचा ठराव झाला तो त्याच ऑगस्टमध्ये, आणि पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली तीही त्याच वर्षी.

मग 1919 चा मे महिना. महायुद्धात जर्मनीच्या विरुद्ध पक्षाला राहूनही शांतुंगमधील जर्मनांचे हक्क चीनला न मिळता पॅरिसच्या परिषदेत जपानला बहाल झाले. आणि अधिक जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की, आदल्याच वर्षी पेकिंगच्या सरकारने कर्जाच्या लोभाने जपानशी गुप्त करार करून या प्रकरणी आपले हात आपणच बांधून घेतले होते, हे तेथे उघड झाले. 4 मे रोजी सुमारे तीन हजार विद्यार्थी तिआनानमेनपाशी जमले, परंतु त्यांचा रोष परकीय वकिलातींवर थांबला नाही. त्यांनी स्वतःच्याच मंत्र्याचे, त्साव जू-लिनचे, घर गाठून पेटविले. सरकारने विद्यार्थ्यांची धरपकड केली, तेव्हा जूनमध्ये शांघायच्या दुकानदारांनी फळ्या लावल्या आणि गिरण्या-गोद्यांतील कामगार बाहेर पडले. शांतुंग शांघायपासून शेकडो मैल दूर. ‘शांतुंगशी आमचा काय संबंध?’ असे त्या दुकानदाराने विचारले नाही. वायहायवेच्या त्या अर्जाला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. सरकारला तीन अधिकारी दूर करावे लागले, आणि 28 जूनला व्हर्सायच्या तहावर सही करण्यास चीनचे प्रतिनिधी गेलेच नाहीत.

त्या विद्यार्थ्यांच्या मागण्या दोन होत्या: परकीयांपासून सार्वभौमत्व राखावे, आणि देश विकणाऱ्या स्वकीयांना शासन करावे. 4 मे आज चीनमध्ये युवकदिन म्हणून सरकारी इतमामाने साजरा होतो, पण त्या समारंभांत गौरव होतो तो पहिल्या मागणीचाच. दुसरीसारखे काही तोंडातून काढीत 1989 मध्ये विद्यार्थी पुन्हा त्याच चौकात जमले, तेव्हा सरकारने रणगाडे पाठविले.