काचपेटीचा तळ

घरांत पाणवनस्पती वाढवावयाच्या तर माशांच्या आधीं तळाच्या मातीचा विचार करावा, हें आम्ही उशिरां शिकलों. गेल्या वर्षीं नातीच्या हट्टास्तव २ फूट लांब, फूटभर रुंद व तितकीच उंच काचेची पेटी आणविली. आमचा वाशीम म्हणजे काळ्या रेगडीचा मुलूख. मळ्यांतील माती शेणखतासह तळाशीं घातली आणि त्याच दिवशीं मासे सोडले. तुळशीस मानवतें तें पाण्यांतील रोपांस कां मानवूं नये, अशी आमची पंडिताई! खत कुजलें, अमोनिया सुटला. चौथ्या दिवशीं सारे मासे मेले. नात दोन दिवस आमच्याशीं बोलली नाहीं.

या खेपेस बिनखताची, चाळलेली माती १ इंच घातली. तिजवर धुतलेली जाड वाळू दीड इंच. वाळू पैनगंगेची असो वा दुसरी, आधीं चिमूटभर घेऊन तिजवर लिंबू पिळावें. बुडबुडे आले तर तींत चुना आहे असें समजावें. तो पाणी जड करतो. रेगडींतही चुनखडीचे खडे असतात, म्हणून मातीचीही हीच परीक्षा. पाणी ओततांना तळाशीं बशी ठेवावी, म्हणजे थर ढवळत नाहींत. वॅलिस्नेरियाचा कोंब वाळूंत पुरूं नये, तो कुजतो. पेटीस थेट ऊन नको, शेवाळ माजतें. भरलेली पेटी अर्ध्या क्विंटलाहून जड होते, तेव्हां बैठक भक्कम हवी.

महिनाभर नुसतीं रोपेंच ठेवावयाचीं, असें ठरलें आहे. “आजोबा, आतां मासे सोडायचे?” असें नात रोज विचारते. अजून नऊ दिवस आहेत.