हुकूम युद्धाआधी हवा

युद्धात माणसांचीच शाश्वती नसते, तिथे झाडापाण्याची काळजी कोण करणार, असे म्हणून हा प्रश्न नेहमी टाळला जातो. नागपूरने तरी तो टाळू नये. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत तोफगोळ्यांची कवचे घडतात, हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय याच शहरात आहे आणि दारूगोळ्याचे मोठे कोठार शेजारच्या पुलगावात.

ही काळजी आधीच कशी घ्यावी, हे शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेल्या पत्रात पाहा. आताच चारा-दाणा उधळला तर पावसाळ्यात सैनिक कुणब्यांचे धान्य, गवत, लाकूडफाटा, भाजी ओरबाडतील, म्हणून शिधा बेताने वापरा, असे त्यांनी बजावले. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील, इथवर त्यांची नजर पोचली होती. नुकसान होण्याआधीच त्यांनी जबाबदारी अंमलदारांवर टाकली.

आजचा कायदा नुकसानीनंतर जागा होतो. १९९१मध्ये माघार घेणाऱ्या इराकी फौजांनी कुवेतच्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. भरपाईचा शेवटचा हप्ता फिटला २०२२मध्ये. जिनिव्हा करारांना १९७७मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक कराराने निसर्गाच्या हानीला मनाई केली खरी, पण ती हानी व्यापक, दीर्घकाळची आणि गंभीर अशी तिन्ही असावी लागते. एवढ्या अटींतून बहुतेक विध्वंस सुटतो. भारत तर या करारात सामीलच नाही, आणि ही गोष्ट आपल्याला शोभत नाही.

आपले सैन्य शांततेच्या काळात झाडे लावते, ते काम मोलाचेच. पण धरणावर किंवा तेलसाठ्यावर मारा करायचा का, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे खालच्या गावांचे पाणी किती वर्षे नासेल याचा हिशेब कोण ठेवणार? तो मांडू शकणारी पर्यावरण संशोधन संस्था नीरी १९५८पासून याच शहरात आहे. तिचे शास्त्रज्ञ लष्करी नियोजनाच्या टेबलाशी बसले पाहिजेत.

युद्धाआधीच मर्यादा घालण्याचा पायंडा आपल्याकडे आहेच. भारत-पाकिस्तानात अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार १९८८मध्ये झाला. त्याप्रमाणे दोन्ही देश दर १ जानेवारीला आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतरही हा रिवाज मोडला नाही. त्याच यादीत धरणे, तेलशुद्धीकरण कारखाने आणि विषारी रसायनांचे साठे घालण्याचा प्रस्ताव भारताने मांडावा आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या सेनाधिकाऱ्यांना अशा ठिकाणांवर हल्ला न करण्याचा लेखी हुकूम द्यावा.